जॅझमधील उमेदवारी आणि समकालीन वादकांची कारकीर्द

जॅझ वादकाची ओळख करून देताना त्याचे अल्बम नंतर येतात, आधी येते ती त्याने कोणाकोणाच्या बँडमध्ये वाजवले याची यादी. आपल्याकडे गवयाचे नाव निघाले की ‘तालीम कोणाची?’ हा प्रश्न ओघाने येतोच, तसेच हे. तरुण वादक एखाद्या जाणत्या वादकाच्या बँडमध्ये साथीला राहतो, रोज रात्री त्याच्याबरोबर वाजवतो, गावोगाव हिंडतो, त्याचे पैसे घेतो आणि शिकतोही तिथेच. अशा साथीदाराला या क्षेत्रात ‘साइडमन’ म्हणतात, बँडच्या प्रमुखाला ‘लीडर’. काही वर्षांनी साइडमन बाहेर पडतो, स्वतःचा बँड काढतो आणि मग त्याच्या हाताखाली नवी मुले येतात. गेल्या चाळीसेक वर्षांत जॅझ वादकांना मिळालेले मोठे मानसन्मान, त्यांची प्राध्यापकपदे आणि त्यांनी उभ्या केलेल्या संस्था समजून घ्यायच्या असतील, तर या उमेदवारीपासूनच सुरुवात करावी लागते.

साथीत नेमके काय शिकतात

जॅझमधील पुष्कळशा जुन्या रचना ३२ बारांच्या असतात; बार म्हणजे ठरावीक मात्रांचा, बहुधा चार मात्रांचा, एक तुकडा. आठ-आठ बारांचे चार भाग. पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथ्यात पुन्हा पहिली चाल. या पूर्ण फेरीला ‘कोरस’ म्हणतात. ख्याल ऐकणाऱ्याला हे आवर्तनासारखे वाटेल, आणि ते फारसे चुकीचे नाही. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण त्याच स्वरसंगतीच्या फेरीवर आपली उपज मांडतो. त्या वेळी पियानोवादक मागून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, टाकत राहतो. याला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. शेवटाकडे ड्रमवादक आणि इतर यांच्यात चार-चार बारांचे सवालजवाब होतात, आणि सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात.

हे सगळे पुस्तकात वाचून कळते. कळत नाही ते असे, की ट्रम्पेटवादक श्वास घेत असताना पियानोवाल्याने कॉर्ड टाकायची की ती जागा मोकळी सोडायची. हर्बी हॅनकॉक यांनी सांगितलेला एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. १९६३ ते १९६८ या काळात ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात पियानो वाजवत. जर्मनीतल्या श्टुटगार्टमधील एका कार्यक्रमात, डेव्हिस यांचा सोलो ऐन रंगात आलेला असताना हॅनकॉक यांच्या हातून साफ चुकीची कॉर्ड पडली. डेव्हिस क्षणभर थांबले आणि त्यांनी पुढचे स्वरच असे लावले, की ती कॉर्ड बरोबर ठरली. हॅनकॉक म्हणतात की आपल्याला ती चूक वाटली, माइल्सना ती चूक वाटलीच नाही. घडले ते त्यांनी घेतले आणि त्यातून वाट काढली. विशी-पंचविशीतल्या पियानोवादकाला हा धडा वर्गात बसून मिळाला नसता.

हॅनकॉक यांची पुढची वाटचाल या धड्याचीच आहे असे म्हणता येईल. जन्म १९४० चा, शिकागोचा. अकराव्या वर्षी शिकागो सिंफनीबरोबर मोत्सार्टची पियानो कन्चेर्तो वाजवलेला हा मुलगा, ट्रम्पेटवादक डोनल्ड बर्ड यांच्या बँडमधून न्यूयॉर्कला आला. १९६२ मधील पहिल्या अल्बममधली ‘वॉटरमेलन मॅन’ ही रचना त्यांना सुचली ती लहानपणी शिकागोच्या फरसबंद गल्ल्यांतून जाणाऱ्या कलिंगडवाल्याच्या गाडीच्या खडखडाटावरून. १९७३ मध्ये ‘हेड हंटर्स’मधून ते विजेच्या वाद्यांकडे आणि फंककडे वळले, १९८३ मध्ये ‘रॉकिट’मधून हिप-हॉपच्या खरडणाऱ्या तबकड्यांकडे. ‘राउंड मिडनाइट’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. २००८ मध्ये गायिका जोनी मिचेल यांच्या गाण्यांवरच्या अल्बमला ग्रॅमीचा ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम’ हा पुरस्कार मिळाला, तेव्हा जॅझला तो मान ४३ वर्षांनी पुन्हा लाभत होता. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन म्हणून साजरा होतो, त्यामागेही युनेस्कोचे सद्भावना दूत म्हणून त्यांचा पुढाकार आहे.

ब्लेकींची शाळा

साइडमन घडवण्याचे काम आर्ट ब्लेकी यांच्याइतके सातत्याने क्वचितच कोणी केले असेल. ते ड्रमवादक. त्यांचा ‘जॅझ मेसेंजर्स’ हा बँड १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालला. बँडमध्ये सतत तरुण मुले घ्यायची, त्यांच्याकडून नव्या रचना करून घ्यायच्या, ती तयार झाली की त्यांना बाहेर पाठवायचे आणि आणखी तरुण मुले घ्यायची, हा त्यांचा परिपाठ. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड हे सगळे तिथलेच.

१९८० मध्ये या बँडमध्ये न्यू ऑर्लिन्सचा अठरा वर्षांचा ट्रम्पेटवादक आला, विंटन मार्सालिस. वडील एलिस मार्सालिस हे पियानोवादक आणि त्याहूनही मोठे शिक्षक. न्यू ऑर्लिन्सच्या कलाशाळेत त्यांच्या हाताखालून विंटन आणि ब्रॅनफर्ड ही स्वतःची मुले गेली, तसेच टेरेन्स ब्लँचर्ड, डोनल्ड हॅरिसन, हॅरी कॉनिक धाकटे असे कितीतरी गेले. (एलिस २०२० च्या एप्रिलमध्ये कोव्हिडने गेले.) विंटन यांनी न्यूयॉर्कच्या जुलियर्ड या संगीतशाळेचे शिक्षण सोडून ब्लेकींची वाट धरली. १९८४ च्या सोहळ्यात एकाच वर्षी जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत अशा दोन्हींत ग्रॅमी मिळवणारे ते पहिले वादक ठरले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती कामगिरी पुन्हा केली.

मार्सालिस यांचे मोठे काम मात्र ट्रम्पेटबाहेरचे आहे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलात १९८७ मध्ये उन्हाळी मैफलींची मालिका सुरू झाली. १९९६ मध्ये ती ऑपेरा, बॅले, सिंफनी यांच्या पंक्तीला बसणारी पूर्ण संस्था झाली, आणि २००४ मध्ये तिला स्वतःचे सभागृह मिळाले. तिथल्या एका दालनात वादकांच्या पाठीमागे प्रचंड काचेची भिंत आहे; वादन चालू असते आणि मागे सेंट्रल पार्क आणि रस्त्यावरचे दिवे दिसत असतात. ही संस्था शाळांच्या बँडना जॅझचे थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांच्या रचनांची स्वरलेखने मोफत पुरवते. ज्या संगीताला एकेकाळी दारूच्या गुत्त्याबाहेर जागा नव्हती, त्याच्या वह्या आज सरकारी शाळेतल्या मुलांच्या हातात पोचतात, हे मला मार्सालिस यांच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोलाचे वाटते. त्यांच्यावर आक्षेप पुष्कळ झाले. जॅझची व्याख्या ते १९६० च्या आसपासच आवळतात, प्रयोग करणाऱ्यांना दारात उभे करत नाहीत, असे समकालीनांनी वारंवार म्हटले. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्यांनी आक्षेप घेतले, त्यांच्यासाठीही मोठ्या सभागृहांची दारे उघडली ती यानंतरच.

विंटन यांनी १९८२ मध्ये ब्लेकींचा बँड सोडताना आपल्या जागी टेरेन्स ब्लँचर्ड यांचे नाव सुचवले. ब्लँचर्ड यांनी तिथे चार वर्षे काढली. नंतर ते दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या चित्रपटांचे संगीतकार झाले आणि त्यातल्या दोन चित्रपटांसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. २७ सप्टेंबर २०२१ रोजी, कोव्हिडमुळे दीड वर्ष बंद असलेले न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा पुन्हा उघडले ते ब्लँचर्ड यांच्या ‘फायर शट अप इन माय बोन्स’ या ऑपेराने. त्या रंगमंचाच्या १३८ वर्षांच्या इतिहासात कृष्णवर्णीय संगीतकाराची ऑपेरा तोवर एकदाही झालेली नव्हती.

बँडकडून महाविद्यालयाकडे

ब्लेकी गेले आणि त्यांच्यासारखे वर्षानुवर्षे रस्त्यावर असणारे बँडही विरळ झाले. सहा माणसांना घेऊन हिंडणे लीडरला परवडेना, रोज वाजवायला क्लब उरले नाहीत. उमेदवारीची जागा हळूहळू महाविद्यालयांनी घेतली. उत्तर टेक्सासमधल्या महाविद्यालयाने १९४७ मध्येच जॅझची पदवी सुरू केली होती; बॉस्टनचे बर्कली हे संगीत महाविद्यालय १९४५ चे. आज अमेरिकेतला जवळपास प्रत्येक नावाजलेला तरुण जॅझ वादक अशा कुठल्यातरी संस्थेतून आलेला असतो.

याबद्दल जुने जाणकार हळहळतात. सगळी मुले सारखीच वाजवतात, बोटे चालतात पण सांगायला काही नसते, अशी तक्रार ऐकू येते. तक्रारीची दुसरी बाजू क्वचित मांडली जाते. या महाविद्यालयांनी बुजुर्गांना पगार दिला, आजारपणात विमा दिला. आधीच्या पिढीतले कित्येक थोर वादक या दोन्हींवाचून गेले. शिवाय चांगला शिक्षक असला की उमेदवारी वर्गातही होते. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातील कलांच्या एका सरकारी माध्यमिक शाळेतून पियानोवादक जेसन मोरान आणि रॉबर्ट ग्लास्पर, ड्रमवादक एरिक हार्लंड, ख्रिस डेव्ह आणि केंड्रिक स्कॉट बाहेर पडले. एका शाळेतून एवढे! मोरान यांना २०१० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली प्रतिष्ठेची अभ्यासवृत्ती मिळाली आणि पुढे ते वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये जॅझ विभागाचे कलासंचालक झाले. ग्लास्पर यांचा ‘ब्लॅक रेडिओ’ हा २०१२ चा अल्बम आर अँड बी विभागात ग्रॅमी घेऊन गेला.

भारतीय वंशाच्या दोन वादकांची नावे इथे यायलाच हवीत. पियानोवादक विजय अय्यर हे येल विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. तिसऱ्या वर्षापासून व्हायोलिनची तालीम घेतली, पियानो मात्र बराचसा स्वतःच्या कानाने आणि हाताने. कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठात (बॉस्टनचे बर्कली वेगळे) भौतिकशास्त्रासाठी गेले आणि १९९८ मध्ये बाहेर पडले ते संगीत आणि शरीर यांच्या नात्यावरच्या प्रबंधाची डॉक्टरेट घेऊन. तिथेच सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांच्या बँडमध्ये त्यांची उमेदवारी झाली. २०१३ ची मॅकआर्थर फेलोशिप आणि २०१४ पासून हार्वर्डमधील प्राध्यापकपद ही त्यांच्या कारकीर्दीतली ठळक वळणे. सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा कोलोरॅडोत वाढले. बर्कली महाविद्यालयात असताना थोरल्या भावाने गमतीने त्यांना कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथ यांची ध्वनिमुद्रिका दिली. गंमत बाजूलाच राहिली. महंतप्पांनी पुढे गोपालनाथांना शोधून काढले, आणि २००८ मध्ये दोघांनी मिळून ‘किन्समेन’ हा अल्बम केला. २०१६ पासून ते प्रिन्स्टन विद्यापीठात जॅझ विभाग सांभाळतात.

पंधरा पायऱ्या

महाविद्यालये कितीही झाली तरी वादकाच्या कारकिर्दीवर शिक्कामोर्तब होते ते न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका तळघरात. ‘व्हिलेज व्हॅन्गार्ड’ हा क्लब मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये सुरू केला. रस्त्यावर लाल छत, आत अरुंद जिना, पंधरा पायऱ्या. खाली पाचरीच्या आकाराची खोली, निमुळत्या टोकाला वादकांची जागा, आणि जेमतेम सव्वाशे माणसे मावतील एवढी टेबले-खुर्च्या. स्वयंपाकघर आहे, पण तिथे काही शिजत नाही. वादक मध्यंतरात तिथेच बसतात आणि हिशेबही तिथेच होतो.

मंगळवार ते रविवार एकच बँड वाजवतो. हा नियम साधा वाटतो, पण महत्त्व त्याचेच आहे. एका रात्रीच्या मैफलीत वादक तयारीचे वाजवतो. सहा रात्री, रोज दोन बैठका म्हटल्यावर तयारीचे संपते आणि मग खरे काय आहे ते बाहेर येते. म्हणूनच जॅझमधली कितीतरी मोलाची ध्वनिमुद्रणे इथली आहेत : १९५७ मध्ये सॉनी रॉलिन्स, १९६१ मध्ये बिल एव्हन्स आणि जॉन कोल्ट्रेन. ब्रॅड मेल्डाउ यांनी ‘द आर्ट ऑफ द ट्रिओ’ मालिकेतले काही अल्बम इथेच केले. सोमवार मात्र १९६६ पासून मोठ्या वाद्यवृंदाचा. लीडर बदलले, वादक बदलले, सोमवार बदललेला नाही.

मानसन्मान आणि पोट

अमेरिकेतल्या प्रतिष्ठेच्या पुलित्झर पुरस्काराची कथा जॅझच्या दृष्टीने क्लेशाची आहे. १९६५ मध्ये परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन यांच्या गौरवाची शिफारस केली, मंडळाने ती फेटाळली आणि त्या वर्षी संगीताचा पुरस्कार कोणालाच दिला नाही. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचे होते. १९९७ मध्ये मार्सालिस यांच्या ‘ब्लड ऑन द फील्ड्स’ या गुलामगिरीवरच्या प्रदीर्घ संगीतरचनेला हा पुरस्कार मिळाला, तो जॅझ रचनेला मिळालेला पहिला. एलिंग्टन यांचा विशेष गौरव १९९९ मध्ये झाला, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. पुढे ऑर्नेट कोलमन (२००७), हेन्री थ्रेडगिल (२०१६) आणि टायशॉन सोरी (२०२४) यांना पुलित्झर मिळाले. अमेरिकन सरकारच्या कलानिधीतर्फे १९८२ पासून ‘जॅझ मास्टर’ हा किताब दिला जातो. २०११ मध्ये तो मार्सालिस कुटुंबाला एकत्रितपणे मिळाला.

मॅकआर्थर फेलोशिपचे पैसे पाच वर्षांत विभागून मिळतात आणि त्यांचा हिशेब द्यावा लागत नाही. वादक त्यांचे काय करतो यावरून त्याची जातकुळी कळते. पोर्तो रिकोचे सॅक्सोफोनवादक मिगेल सेनॉन यांना ती २००८ मध्ये मिळाली. २०११ पासून त्यांनी बेटाच्या खेडोपाडी मोफत जॅझ मैफली सुरू केल्या, जिथे असे काही कधी पोचलेच नव्हते अशा गावांत.

अल्बमवर पोट भरण्याचे दिवस मात्र कधीच सरले. मारिया श्नायडर यांनी यावर काढलेला तोडगा लक्षात ठेवण्याजोगा आहे. संगीतरचनाकार गिल एव्हन्स यांच्या मदतनीस म्हणून त्यांनी उमेदवारी केली, मग स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. २००४ चा ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ त्यांनी कंपनीकडे न नेता ऐकणाऱ्यांच्याच आगाऊ वर्गणीतून केला आणि फक्त इंटरनेटवर विकला. दुकानात न आलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळण्याची ती पहिलीच वेळ.

बायका कुठे होत्या

उमेदवारीच्या रीतीत एक मोठा अन्याय दडलेला होता. लीडर ज्याला बोलावेल तो साइडमन; शब्दातला ‘मन’ म्हणजे इंग्रजीतला ‘मॅन’, पुरुष. गायिकांना जागा होती. वाद्य हाती घेतलेल्या मुलीला सहसा बोलावणे येत नसे, बोलावणे नाही म्हणून तालीम नाही, आणि तालीम नाही म्हणून पुढचे काहीच नाही. ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांना अकराव्या वर्षी बर्कलीची शिष्यवृत्ती मिळाली, पुढे त्या शॉर्टर आणि हॅनकॉक यांच्याबरोबर फिरल्या. २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट जॅझ वाद्यसंगीत अल्बमची ग्रॅमी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०१८ मध्ये त्यांनी बर्कलीतच जॅझमधील लिंगभावाच्या न्यायासाठी संस्था काढली. १९७० च्या दशकात याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॅझ रचनांची स्वरलेखने जमवून ‘रिअल बुक’ हे पुस्तक झेरॉक्स करून चोरून विकले होते. ते जगभरच्या वादकांचे पाठ्यपुस्तक झाले, आणि त्यात स्त्रियांच्या रचना शोधाव्या लागत. कॅरिंग्टन यांनी २०२२ मध्ये फक्त स्त्री-रचनाकारांच्या १०१ रचनांचे पुस्तक काढले.

बासवादक आणि गायिका एस्पेरांझा स्पॉल्डिंग यांना २०११ मध्ये ‘सर्वोत्कृष्ट नवा कलाकार’ ही ग्रॅमी मिळाली. जॅझमधून हा मान पहिल्यांदाच कोणाला तरी मिळत होता. २०२३ मध्ये तोच मान गायिका समारा जॉय यांना मिळाला.

लंडनची मुले

अमेरिकेबाहेर ही रीत सगळ्यात जोमाने रुजली ती लंडनमध्ये. बासवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी १९९१ मध्ये ‘टुमॉरोज वॉरियर्स’ सुरू केले : फी नाही, सुट्टीच्या दिवशी या, वाद्य घ्या, मोठ्यांबरोबर वाजवा. कॅरिबियन आणि आफ्रिकी वंशाच्या, शिकवणी न परवडणाऱ्या मुलांसाठी हे मुद्दाम. शबाका हचिंग्स, न्युबाया गार्सिया, मोझेस बॉइड तिथलेच. किशोरवयात तिथे भेटलेल्या पाच मुलांचा ‘एझ्रा कलेक्टिव्ह’ हा बँड २०२३ मध्ये ब्रिटनमधला मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळवणारा पहिला जॅझ बँड ठरला. पुरस्कार घेताना ड्रमवादक फेमी कोलेओसो यांनी आठवण काढली ती मुलांना वाजवायला शिकवणाऱ्या अशा संस्थांची.

मुंबईशी धागा

मुंबईत १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेले. त्यांना हे शहर नवे नव्हते, १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात राहिले होते. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात आणि ‘ओरेगन’ या बँडमध्ये तबला आणि ड्रम शेजारी-शेजारी मांडून वाजवले. १९८८ च्या त्यांच्या ‘उस्फ्रेट’ या अल्बमवर आईचा आवाज आहे.

माहीमच्या झाकिर हुसेन यांचे जॅझमधले काम ‘शक्ती’साठी सर्वांना ठाऊक आहे, २०२४ मध्ये त्या बँडच्या अल्बमला ग्रॅमी मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते गेले. त्याहून कमी ऐकला गेलेला अल्बम म्हणजे ‘संगम’. सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा जन्म १९३८ चा. त्यांची उमेदवारी चिको हॅमिल्टन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांच्याकडे झाली, आणि १९६० च्या दशकात त्यांच्या चौकडीत तरुण पियानोवादक कीथ जॅरेट आणि ड्रमवादक जॅक डिजॉनेट होते. २००४ मध्ये त्यांनी दिवंगत ड्रमवादक मित्र बिली हिगिन्स यांच्या स्मरणार्थ कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरामध्ये एक मैफल केली. साथीला तबल्यावर झाकिर हुसेन आणि ड्रमवर ह्यूस्टनच्या त्या शाळेतले एरिक हार्लंड. वेगळा पियानोवादक नाही, बास नाही. हार्लंड तेव्हा तिशीच्या आत होते. सत्तरीकडे झुकलेले लॉइड बऱ्याचदा सॅक्सोफोन खाली ठेवून बाजूला होतात आणि ते दोघे बोलत राहतात. थोड्याच वर्षांत जेसन मोरानही लॉइड यांच्या चौकडीत पियानोवर आले.